सतरा इंच

आदल्या रात्री शिवणाची टेप काढली,
फ्रिज आणि भिंतीच्या मध्ये
सतरा इंच मोजून खडूने रेघ मारली
आणि स्टूल ठेवून बसून पाहिलं.
बसले असं म्हणता येणार नाही.
अडकले.

जावई फोनवर म्हणाला, आई, कोचीला दोनच तास.
दोन तास म्हणजे काय हे
त्याच्या मापाच्या माणसाला कसं कळावं.
पण दर्शना बाळंत झाली होती,
आणि डिंकाचे लाडू कुरियरने पाठवत नाहीत.

विमानातला पट्टा पोटावरून निघाला
आणि चार बोटं अलीकडे थांबला,
दारापर्यंत येऊन घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा.
मुलगी जादा पट्टा घेऊन आली,
नारिंगी,
असा उंच धरून
की जत्रेत कुणाची चप्पल सापडली आहे.
सगळ्यांनी बघितलं कुणाची ते.
खिडकीपाशी बसलेला पोरगा अंग चोरून
काचेला चिकटला. चांगल्या घरचा होता.
त्याच्या चांगुलपणाचंही कोपर
मला लागत राहिलं.

मग दीड तास जागच्या जागी.
मग कळलं, यंत्रात बिघाड आहे, उतरा,
उड्डाण उद्या सकाळी,
बेलापूरच्या हॉटेलात सोय केली आहे.
माझं घर करंजाड्याला. रिक्षाने गेले असते.
पण पन्नास वर्षांत
हॉटेलात झोपले नव्हते, आणि कुपन फुकट होतं.

पांढरा झगा होता खुंटीला.
त्याच्या दोन कडा भांडलेल्या जावांसारख्या,
मधे मी, आणि दोघी
एक पाऊल पुढे यायला तयार नाहीत.
खुर्चीला दोन्ही बाजूंनी हात.
कमोड भिंतीला असा खेटून
की बसायचं तर तिरकं, फोटोला बसल्यासारखं.
मी पलंगाच्या कडेवर टेकले
बाहेरच्या कपड्यांतच.

टॉवेल द्यायला यमुना भोपी आली.
नाव छातीवर लिहिलेलं,
आणि छाती माझ्यासारखीच, ऐसपैस.
तिने खुर्ची बघितली, मला बघितलं,
काही न बोलता गेली
आणि खालच्या लग्नाच्या हॉलमधली खुर्ची
डोक्यावर घेऊन आली.
बिनहातांची.
"मॅनेजरला सांगू नका. अन् झगा राहू दे,
ही दुहेरी चादर घ्या गुंडाळायला,
मी रात्रपाळीला तेच करते."

कुठल्या तुम्ही, तिने विचारलं.
तरघरच्या, म्हटलं. होतो.
ती कोपरची. तीही होतो म्हणाली.
लाडवाचा डबा मी तिथेच उघडला.
दर्शनाला दोन कमी जातील.

ती गेल्यावर दिवा मालवून
खिडकीशी त्या खुर्चीवर बसले, मांडी घालून.
लांब धावपट्टीचे दिवे, निळे, एका ओळीत
लावणीच्या रोपांसारखे.
आमचं चौदा गुंठे होतं तिथे कुठेतरी,
आणि बांधावर एक भोकराचं झाड.
चौदा गुंठ्यांत सतरा इंच किती वेळा,
हिशोब करायला घेतला.
सासरे असते तर तोंडी सांगितलं असतं.
मला झोप आली.
पलंगावर आडवी नाही,
कोपऱ्यातून कोपऱ्यात, तिरपी झोपले,
हातपाय चारी दिशांना.

सकाळी विमानाच्या दारातच म्हटलं,
जादा पट्टा द्या. बारा क.
आवाज जरा मोठाच निघाला.
मागचा माणूस थांबला, त्याला थांबू दिलं.

शेजारी आज एक म्हातारे गृहस्थ,
त्यांनी मधला दांडा वर सरकवला
आणि पेपर उघडला.
पुढचं टेबल पोटावर अडलं,
म्हणून डबा मांडीवर.
उडताना खाली बघायचं ठरवलं होतं,
भोकर नाही तरी जागा तरी.
पण खिडकी त्यांच्याकडे होती
आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.
ऊन येतंय, म्हणाले.
येऊ दे की, म्हणायला हवं होतं.